सुई खोचून ठेवण्याइतकी सवड

लेक अकरा दिवसांची होती तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींनी वर्गणी काढून पाठवलेलं एक खोकं घरी आलं. आत बदामी कागदात गुंडाळलेली गोधडी, तिला सुतळीची गाठ आणि गाठीत चिठ्ठी: हाताने शिवलेली, आजीच्या मायेची. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी तेवढ्यात पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी गोधडी उचलली, आधी उलटी केली, अंगठ्याचं नख टाक्यांवरून फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"ताई, ह्याला टाका कुठंय? ही तर छापलीय."

खरंच छापली होती. पॉलिएस्टरच्या दोन पापुद्र्यांत फायबर भरलेलं आणि वर धावदोऱ्याच्या ओळींचं चित्र. माणसाचा हात वाटावा म्हणून मधूनच एक टाका मुद्दाम वाकडा काढलेला. तो दर वीतभर अंतरावर बरोब्बर तसाच वाकडा होता. हे लक्षात आल्यावर मी इतकी हसले, की टाके दुखले. माझे खरे टाके. ऑफिसात मात्र काही बोलले नाही. लेकीला गोधडीवर निजवून फोटो काढला, चार बदाम टाकून पाठवून दिला. पहिल्याच धुण्यात तिला बोंडं आली. सध्या ती नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत असते, स्टेपनीखाली.

त्या दिवशी माझ्या मनात राहिली ती मावशींची रीत. गोधडी हातात आल्याबरोबर त्यांनी ती उलटी केली. रंग पाहिला नाही, चिठ्ठी पाहिली नाही. पुढच्या काही महिन्यांत ज्यांच्या ज्यांच्या हातात काही कसब आहे अशी माणसं मी पाहिली, ती सगळी हेच करतात. वस्तू आधी उलटी करतात.

मावशींचा स्वतःचाच धंदा आहे, हे मला फार उशिरा उमगलं. आपण 'मालिशवाल्या बाई' म्हणतो आणि विषय संपवतो. सकाळी साडेसातला पहिलं घर, मग आमचं, मग नारायण पेठेत जुळी, आणि बारापर्यंत अजून दोन. कुणाचा सव्वा महिना कधी भरतो, कुणाची तारीख कधीची आहे, सगळं डोक्यात. एक घर सुटायच्या आत दुसरं लागलेलं पाहिजे, नाहीतर तो महिना कोरडा. तेल कुठलं आणायचं ते त्या सांगतात, पण आणायचं आपण. म्हणजे भांडवल शून्य. पाटावर पाय पसरून बसतात, नडगीवर बाळ पालथं घालतात आणि एका हाताने तांब्यातलं पाणी अशा धारेने सोडतात, की पाठीवरून ओघळतं पण कानात जात नाही. हे मी तीन महिने रोज पाहिलं. मला अजून येत नाही. मी प्लास्टिकच्या टबवाली.

*

बाळंतपणाच्या रजेत आपण बरंच काही करू, असं मला वाटलं होतं. कायद्याने २६ आठवडे मिळतात, २०१७ च्या दुरुस्तीपासून. त्याआधी १२ मिळायचे. २६ आठवडे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जलरंगांची नवी पेटी, अर्धवट राहिलेलं क्रोशाचं टेबलक्लॉथ आणि न वाचलेल्या पुस्तकांची चळत उभी राहिली होती. आईला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती डिंक तळत राहिली. आता कळतं ती का बोलली नाही.

बाळ झोपतं वीस मिनिटं. कधी चाळीस, पण ते आधी सांगत नाही. जलरंगाचा हात अर्ध्यात सोडला की पाणी वाळून कागदावर कड धरते, ती पुन्हा निघत नाही. विणकामाच्या सुया घाईत टाकल्या की दहा टाके सुटतात आणि मग आधीच्या ओळीपर्यंत उसवत जायचं. क्रोशाचं जमलं असतं, कारण सुईवर एकच टाका जिवंत असतो, तो जरा ओढून मोठा ठेवला की झालं. पण क्रोशाला मोजावं लागतं, आणि त्या दिवसांत मला मोजणं येत नव्हतं. दूध पाजताना डावं झालं की उजवं हे लक्षात राहावं म्हणून मी बांगडी इकडून तिकडे करायचे, आणि बांगडी बदलली का हेच विसरायचे.

कला म्हणजे एकाग्रता, असं आपल्याला शिकवलेलं असतं. खोली हवी, शांतता हवी, सलग वेळ हवा. हे शिकवणाऱ्यांची पोरं कोण सांभाळत होतं, हा प्रश्न मला पहाटे तीनला पडायचा. उत्तर माहीतच होतं.

मावशीच एकदा म्हणाल्या, "खरी गोधडी पाहिजे तर शिवा की. जुनं लुगडं नाही का घरात?"

लुगडं होतं. आजीची दोन नऊवारी आईने ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली होती. एक हिरवट, एक विटकरी, धुऊन धुऊन इतकी मऊ, की कापडाला आवाज राहिला नव्हता. कागद हवा होता हिशेबाला. खोलीत समोर होता तो सटवाईच्या पूजेतला. सहाव्या रात्री कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणतात. तो कागद तेव्हापासून देव्हाऱ्याखाली तसाच पडलेला. टाकवत नाही आणि उपयोग नाही. मी घेतला. आई "अगं अगं" करेपर्यंत त्यावर आकडे पडले होते.

नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, पन्हा ४५ इंच. ४० इंचांचे तुकडे पाडले तर आठ निघतात. चार थरांची एक, अशा दोन लहान गोधड्या एका लुगड्यात. मग पुढचा हिशेब. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या तर ४० बाय ४५ च्या एका गोधडीत शिवणीची लांबी होते ३,६०० इंच, म्हणजे ९० मीटरच्या थोडी वर. इंचाला चार टाके धरले तर १४,४००. माझा नवशिका हात मिनिटाला पंधरा टाके घालणार, म्हणजे १६ तास. वीस-वीस मिनिटांच्या ४८ बैठका.

आकडा पाहून मला घाबरायला हवं होतं. झालं उलटंच. प्रसूतीनंतर पहिल्यांदा मला माझ्या दिवसांत बसणारं काहीतरी सापडलं होतं. गोधडीत काहीही मोजायचं नसतं. बाळ रडलं, सुई कापडात खोचली, उठलं. परत आलं, सुई उपसली, पुढे. काम थांबतं पण मोडत नाही. हा टाका कुणीतरी एका बसण्यात शोधला असेल असं मला वाटतच नाही. शंभर वेळा उठावं लागणाऱ्या बाईनेच तो शोधला असणार.

*

दोरा आणायला रविवार पेठेत गेले ती माझी घराबाहेरची पहिली फेरी. लेस, मणी, बटणं, जर, टिकल्या यांची ती बोळकांडी मला शाळेपासून ठाऊक, पण तेव्हा आम्ही वार्षिक स्नेहसंमेलनाला लागणारं काहीबाही घ्यायचो आणि दोन रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करायचो. पुण्यात घासाघीस हा खेळ समजतात, आणि मी तो चांगला खेळायचे.

दुकान म्हणजे दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं. काकांनी विचारलं, "कशाला हवा?" दोऱ्याच्या दुकानात हा प्रश्न विचारतात हेच मी विसरले होते. स्क्रीनवर वस्तू घेताना कुणी 'कशाला' विचारत नाही. सांगितल्यावर त्यांनी मी उचललेलं चकचकीत रीळ काढून घेतलं. "हा नको. हा कापडापेक्षा बळकट आहे, जुनं लुगडं कापत जाईल. सुती घ्या." रीळ निम्म्या किमतीचं निघालं. सुई लांब दिली, म्हणजे एका वेळी चार-पाच टाके ओवून ओढता येतात. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत जेवढा, त्याच्यापेक्षा मोठा घ्यायचा नाही, गुंता होतो. आणि चारही थर नीट ताणून आधी आडवा-उभा कच्चा टाका, त्यात आळस नको. एकूण बिल ६५ रुपये. त्यात चार मिनिटांची शिकवणी. घासाघीस करायची मला आठवणसुद्धा झाली नाही.

तरी कच्च्या टाक्यात आळस केलाच. दहा ओळींनंतर एका कोपऱ्याला फुगा आला. सगळं उसवून मी वर गेले, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे.

काकू गेली तीस-पस्तीस वर्षं दुपटी, टोपडी, कुंच्या, गोधड्या शिवून देतात. आपल्याकडे बाळंतविड्यात जे जे कापडी असतं ते सगळं. खणाची कुंची ही त्यांची खासियत. खण गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला, आणि काठ बरोबर कपाळावर येईल असा बेतलेला. माझी कुंचीही त्यांनीच शिवली होती म्हणे. एवढी वर्षं एकाच जिन्यात राहून मी त्यांच्याकडून एकही वस्तू विकत घेतली नव्हती. त्यांचा धंदा आहे, हे दिसायला मला मूल व्हावं लागलं.

त्यांचं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय. एकादशीच्या चौकोनात 'दूध दीड', त्याच्याखाली '२ दुपटी, १ गो. कोथरूड', त्याच्याखाली 'गॅस'. ज्या घरी बारसं, त्या तारखेला लाल वर्तुळ. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर. वही नाही, बिल नाही, पण २०११ च्या मार्चमध्ये कुणाला काय दिलं हे त्या पाच मिनिटांत काढून दाखवतात.

कापड गिऱ्हाईकाचं असेल तर लहान गोधडीचे त्या ९०० रुपये घेतात. मी मनातल्या मनात माझा हिशेब लावला. त्यांचा हात माझ्या दुप्पट चालतो, म्हणजे शिवायला आठ तास. लुगडं धुणं, इस्त्री, ताणणं, कच्चा टाका यात तीन. अकरा तासांचे ९००, तासाला ८२ रुपये. त्या छापील गोधडीची किंमत खोक्यातच राहिलेल्या चिठ्ठीवर होती. २,४००.

माझं काम जाहिरातीतलं आहे, त्यामुळे गप्प बसवेना. म्हटलं, "काकू, आपण याचं पेज करू. फोटो मी काढते. नाव देऊ, लोगो करू, परदेशात पाठवू. तुम्हाला महिन्याला पन्नास ऑर्डर येतील."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि शिवायचं कोणी?"

"बायका ठेवू की."

"मग मी काय करू? त्यांच्यावर ओरडू?"

बायकांच्या छोट्या धंद्याचं नाव निघालं की कुणीतरी लिज्जत पापडाचं उदाहरण देतंच. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि पुढे ते केवढं झालं. मोठीच गोष्ट आहे ती. पण ती आपण इतक्या वेळा सांगतो, की जी लिज्जत झाली नाही तिचं काहीतरी राहून गेलं असं वाटायला लागतं. काकूंचं काही राहून गेलेलं नाही. त्यांना दिवसाला तीन तास शिवायचं आहे, दुपारी झोपायचं आहे आणि गुरुवारी भजनाला जायचं आहे. माझ्या कंपनीत याला लोक 'वर्क-लाइफ बॅलन्स' म्हणतात आणि त्यासाठी बाहेरून व्याख्याता बोलावतात.

अर्थात सगळं गोड नाही. काकूंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं त्या पुढे ढकलत आहेत. अकरा तासांचे ९०० रुपये हे कौतुकाचं नाही. मी त्यांना पेजचं नाव पुन्हा काढलं नाही, पण "बाराशे सांगा" एवढं मात्र दर भेटीला सांगत राहिले. मागच्या महिन्यापासून त्या हजार सांगतात. पन्नास कुणी कमी करायला लावले तर करतात.

*

बारशाच्या खिरीसाठी आईला आजीचंच पितळी पातेलं हवं होतं. त्याची कल्हई पार गेलेली, आणि कल्हई नसलेल्या पितळेत आंबट काही पडलं की कळकतं, म्हणून ते वर्षानुवर्षं फडताळावर पालथं. गल्लीत 'कल्हईऽऽ' ओरडत येणारा माणूस कधी बंद झाला ते कुणालाच आठवत नाही. मी पातेलं पिशवीत घालून कसब्यात गेले, तांबट आळीत.

तिथे आधी आवाज येतो, मग आळी. पेशवाईच्या काळापासून इथे त्वष्टा कासारांची वस्ती. लाकडी मोगऱ्या, लोखंडी हातोड्या, आणि तांब्याच्या पत्र्यावर एकाशेजारी एक पडत जाणारे ठोके. त्याला मठारकाम म्हणतात. आपल्याला ती नक्षी वाटते, पण ठोक्याने तांबं कडक होतं, भांड्याला पोचे पडत नाहीत. म्हणजे ते टाकेच आहेत, धातूतले. तिथल्या एका तरुणाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "टाका चुकला तर उसवता येतो, ताई." आणि पुढचा ठोका घातला.

कल्हई करणाऱ्या दादांनी पातेलं हातात घेतलं आणि अर्थातच आधी पालथं केलं. बुडाला डाग देऊन दुरुस्त केल्याची जुनी खूण होती, तिच्यावरून बोट फिरवून म्हणाले, "इथेच झालंय हे काम." मग भट्टीचा भाता सुरू. पातेलं तापलं की चिमटीने नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठतो, नाकात झणझणतं. त्या धुरातच कथलाची कांडी पातेल्याला टेकवायची. ती लोण्यासारखी विरघळते, आणि लगेच कापसाच्या बोळ्याने गरगर फिरवायचं. करड्या पिवळ्या भांड्यात एकदम चंद्र उगवतो. मग पाण्यात बुडवलं की चर्र. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. या दोन-तीन मिनिटांत त्यांना कुणी हाक मारली असती तर त्यांनी मान वर केली नसती. कथील जरा कमी तापलं तर पसरत नाही, जास्त तापलं तर जळतं. हे काम खोचून ठेवता येत नाही.

मला त्यांचा हेवा वाटला. खरंच वाटला. तीन मिनिटं कुणी हाक मारणार नाही, अशी तीन मिनिटं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणाचं तरी तान्हं रडलं. आळीत पन्नास हातोडे चालू होते, तरी ते बारीक रडणं मला ऐकू आलं, आणि माझी लेक दोन किलोमीटर लांब आईपाशी निजलेली असताना मला भर रस्त्यात पान्हा फुटला. ओढणी पुढे घेतली. दादांनी पातेलं कापडाने पुसून पिशवीत घातलं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुट्टे नसले तर राहू द्या, नंतर द्या. रिक्षा कोपऱ्यावर मिळेल."

पैसे दुसऱ्या दिवशी नवऱ्याने नेऊन दिले. त्या दादांना माझं नाव-गाव काही माहीत नव्हतं.

*

गोधडी अठ्ठेचाळीस बैठकांत झाली नाही. मोजणं मी पंचविसाव्यालाच सोडलं. बाहेरून आत, चौकोनात चौकोन असं शिवत जायचं असतं, म्हणजे सुरुवातीला एक फेरी संपता संपत नाही आणि मध्याकडे आलं की एका झोपेत दोन होतात. मधल्या काळात एक वाचनात आलं. कर्नाटकात, यल्लापूर-हल्याळच्या रानात राहणाऱ्या सिद्दी बायका गोधडीला कवंदी म्हणतात आणि चारही कोपऱ्यांना घडीच्या कापडाचं एकेक फूल लावतात. फुलांशिवाय कवंदी नागवी समजतात. मीही लावली, उरलेल्या विटकरी काठाची. एक फूल जरा चपटं झालंय. लेक नेमकं तेच तोंडात घालते.

रजेचे तीन आठवडे उरले होते तेव्हा मावशी येऊन गेल्या. आमचं घर त्यांनी केव्हाच सोडलं होतं, पण पहिल्या मजल्यावर नवं बाळ आलंय. बाळाला कडेवर घेतलं, मांडी चाचपली, "भरली की," म्हणाल्या. मग खुर्चीवरची गोधडी दिसली. उचलली. उलटी केली.

अंगठ्याचं नख ओळीवरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. तिथे वीतभर टाके एकदम लांब झाले होते. आधी तांदळाएवढे, आणि मध्येच बोटाच्या पेराएवढे, तिरके, ओळ सोडून वर चढलेले.

"हितं रडत होती काय?"

चौदाव्या आठवड्याची लस दिली होती, त्या रात्रीचे टाके होते ते. तिला मांडीवर घेऊन शिवत बसले होते, कारण खाली ठेवलं की किंचाळायची. मी म्हटलं, "उसवून नीट करणार आहे मी ते."

"राहू द्या," मावशी म्हणाल्या. गोधडीची घडी घातली, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि पायांत चपला सरकवल्या. खाली पाणी तापलं होतं.